ठाण्याची जुनी ठिकाणे

गावाकडून पाहुणे आले, की वर्तकनगरात एक प्रश्न ठरलेला असतो. "ठाण्यात बघण्यासारखे काय आहे हो?" आपण चटकन म्हणतो, "इथे कुठे काय? मुंबईलाच जाऊ." पण तसे नाही. बसने ठाणे स्टेशनला या. पुढचे सारे पायी पाहता येते.

आधी मासुंदा तलाव बघा. यालाच आपण तलावपाळी म्हणतो. त्याच्या जवळच कोपिनेश्वराचे देऊळ आहे. एके काळी ठाण्यावर शिलाहार राजांचे राज्य होते. हे शिवस्थान त्यांच्या काळापासूनचे आहे, असे सांगतात. १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी देऊळ पुन्हा बांधले. आतली पिंड चांगली उंच आहे.

आता किल्ल्याकडे वळू. ठाण्याला किल्ला आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. कारण त्याला आज सगळे तुरुंग म्हणतात! पोर्तुगीज लोकांनी तो बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच, १७३७ साली, मराठ्यांनी तो जिंकला. १७७४ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी पुढे तिथे कैदी ठेवले.

त्यांतले एक त्रिंबकजी डेंगळे. हे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी. खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना इथे कोंडले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. त्यांना मराठी कळत नव्हते. गोष्ट अशी सांगतात, की एक मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि गाणे म्हणे. शिपायांना वाटे, गातोय बिचारा. पण गाण्यातून तो सुटकेचा बेत कळवीत होता. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले.

सगळेच कैदी असे सुटले नाहीत. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना इथे फाशी दिले. तो दिवस १९ एप्रिल १९१०. कान्हेऱ्यांनी विशीसुद्धा गाठली नव्हती. या तुरुंगात परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाहेरूनच तट बघावा. पण पाहुण्यांना ही नावे जरूर सांगा.

परतताना स्टेशनातही जरा थांबा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदरहून निघाली, ती इथवर आली. अंतर एकवीस मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. तिला तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावेही ठेवली होती: साहिब, सिंध आणि सुलतान. मुलांना हे फार आवडते बघा.

वेळ उरला तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. ते १८९३ सालापासून चालू आहे. आता तुम्हांला वाचता येते. दारावरची पाटी पाहुण्यांना तुम्हीच वाचून दाखवा.