दुरुस्तीनंतरचा बिघाड

संगणक बिघडला, दुरुस्त होऊन घरीं आला, आणि दुसऱ्याच दिवशीं खेळ रंगांत आला असतांना पडदा काळा झाला, तर मनांत पहिला विचार कोणता येतो ? "दुकानदारानें कांहीं तरी बिघडवून ठेविलें !" हाच. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असाच प्रसंग घडला. त्यावरून जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें लिहीत आहें.

विजेच्या दाबांतील चढउतारामुळें आमच्या संगणकाचा एसएमपीएस जळाला. घरांतील वीज संगणकाच्या भागांस मानवेल अशा दाबाची करून देणारी जी पेटी, तिलाच हें नांव आहे. दुकानदारांनीं ती बदलून दिली. त्यानंतर लिहिण्यावाचण्याचीं कामें सुरळीत होत. परंतु एखादा भारी खेळ सुरू करून दहापंधरा मिनिटें होतात न होतात तोंच पडदा काळा होई, आणि 'डिस्प्ले ड्रायव्हरनें प्रतिसाद देणें थांबविलें' अशा अर्थाची नोंद मागें राही. मीं तो ड्रायव्हर काढून पुन्हां घातला. एकदां नव्हे, तीनदां. गुण आला नाहीं. तेव्हां ग्राफिक्स कार्ड दुकानांतच बिघडलें असलें पाहिजे, असें मीं वडिलांस सांगितलें. वडिलांनीं दुकानदारांस फोनवरून चार कठोर शब्द सुनावले, व जाब विचारण्यासाठीं ते निघालेही. योगायोगानें मामा घरीं आले होते. ते म्हणाले, "भाऊजी, अर्धा तास थांबा. ज्याचें नांव पुढें आलें तोच चोर, असें कशावरून ?"

मामांच्या या प्रश्नांतच सर्व मर्म आहे. ड्रायव्हर हा एक दुभाष्या होय. विंडोज व ग्राफिक्स कार्ड यांची भाषा एक नाहीं. एकाचें म्हणणें दुसऱ्यास कळविण्याचें काम ड्रायव्हर करितो. २००७ सालीं आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्यें अशी योजना आहे कीं, हातांतील काम सोडण्याची आज्ञा दिल्यावरही कार्ड सुमारें २ सेकंदांत मोकळें झालें नाहीं, तर तें अडकलें असें समजून कार्ड व ड्रायव्हर दोन्ही नव्यानें सुरू करावयाचे. 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहींत ही घटना ४१०१ या क्रमांकाखालीं सांपडते. म्हणजे ती नोंद एवढेंच सांगते कीं, दुभाष्याकडून उत्तर आलें नाहीं. दुभाष्या स्वतः आजारी पडला कीं ज्याच्या वतीनें तो बोलतो तोच मूर्च्छित झाला, हें ती सांगत नाहीं.

मग खरा दोषी शोधावा कसा ? मामांनीं तीन नियम सांगितले. पहिला, दुरुस्तींत व दुरुस्तीनंतर ज्या भागास हात लागला, तो आधीं तपासावा. दुसरा, बिघाड केव्हां होतो व केव्हां होत नाहीं, तें लिहून ठेवावें. तिसरा, एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या औषधानें गुण आला तें कळत नाहीं.

आतां एकेक संशयित पाहूं. ड्रायव्हरविषयीं शंका असेल, तर इंटरनेट तोडून, संगणक सेफ मोडमध्यें सुरू करून 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या साधनानें जुना ड्रायव्हर समूळ काढावा, व कार्ड बनविणाऱ्यांचा ड्रायव्हर आधींच उतरवून ठेवून तो घालावा. इंटरनेट चालू राहिल्यास विंडोज मध्येंच आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसविते. उष्णतेची शंका असेल, तर खेळ चालू असतांना कार्डाचें तपमान पाहावें व पंखे फिरतात कीं नाहीं तें पाहावें. मात्र अनेक कार्डांचे पंखे काम नसतां मुद्दाम थांबतात, तो दोष नव्हे. रॅमची शंका असेल, तर ती वाढविलेल्या वेगावर चालत असल्यास मूळ वेगावर आणावी, आणि 'मेमटेस्ट८६' ही परीक्षा रात्रभर चालवावी.

राहिली वीज. मदरबोर्डावरील खांचेंतून कार्डास जास्तींत जास्त ७५ वॅट मिळतात; ६ पिनांच्या प्लगांतून आणखी ७५, व ८ पिनांच्या प्लगांतून १५०. साधें काम करितांना कार्ड थोडक्यांत भागवितें. खेळांत मात्र त्याची भूक एकदम वाढते. आमचा बिघाड फक्त भारी खेळांतच होई, व कार्डाचें तपमान तर बेताचेंच होतें. म्हणून संशय विजेवर आला.

मामांनीं संगणक बंद केला, भिंतींतील प्लग काढला, अंगांतील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूस हात लावला, व बाजूचें झाकण उघडलें. आमच्या कार्डास ८ पिनांचे दोन प्लग आहेत. त्यांपैकीं एक अर्धवट बाहेर आलेला होता. त्याची खिटी बसलीच नव्हती. मामांनीं तो 'खट्' असा आवाज होईपर्यंत दाबला. त्या संध्याकाळीं तीन तास खेळूनही पडदा काळा झाला नाहीं.

परंतु तो प्लग सैल केला कोणी ? मला एकाएकीं आठवलें, आणि लाजेनें मान खालीं गेली. संगणक घरीं आल्यावर नवी पेटी पाहण्याच्या हौसेनें झाकण मींच काढलें होतें, व वायरी सुबक दिसाव्यात म्हणून मींच त्या ओढून बांधल्या होत्या. दुरुस्तीनंतर हात लागला होता खरा. पण तो माझा. दुसऱ्या दिवशीं वडिलांसह दुकानीं जाऊन मीं सर्व हकीकत सांगितली व क्षमा मागितली. वडिलांनींही आपले शब्द परत घेतले. दुकानदारांनीं आम्हांस चहा पाजला, आणि जातांना एक गोष्ट बजावली : एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या पेटीस कधींही जोडूं नयेत. प्लग बसतो, पण आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो, व क्षणांत सर्व जळून जातें.

शेवटीं लहान मित्रांस एक सूचना. झाकण उघडावयाचें तें वडील माणसांसमक्ष, व एसएमपीएसची पेटी तर मुळींच उघडूं नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यांत विजेचा सांठा कांहीं काळ राहतो. बाकी तपास अवश्य करावा. मात्र त्या तपासांत संशयितांची यादी करितांना स्वतःचें नांव लिहिण्यास विसरूं नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता ११ वी