मृग, मघा आणि मधला खंड

बीड जिल्ह्यात पाऊस कमी पडतो, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण अर्धेच खरे आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तर आपल्याकडे सरासरी साडेसहाशे-सातशेच्या आसपास. तरीही एवढाच पाऊस वेळेवर पडला, तर खरिपाचे सोयाबीन निघते आणि रब्बीची ज्वारीही होते. आपले खरे दुखणे पावसाच्या वेळेचे आहे.

ही वेळ मोजायला आपल्याकडे नक्षत्रे आहेत. आमच्या घरात रोजे आणि ईद चंद्रावर ठरतात. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. पेरणीला असे फिरून चालत नाही. पावसाची नक्षत्रे सूर्यावर बेतलेली, म्हणून ईद चंद्रावर आणि तिफण सूर्यावर! मृग ७-८ जूनला निघतो, मघा ऑगस्टच्या मध्यावर, हस्त सप्टेंबरअखेर. पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’, मघाचा ‘सासूंचा’ आणि पूर्वाचा ‘सुनांचा’ ही नावे मुसलमान शेतकऱ्याच्या तोंडीही तशीच असतात.

पण नक्षत्र काही पाऊस आणत नाही. कोणत्या पंधरवड्यात पिकाला काय लागेल, एवढेच ते सांगते. मृगाच्या एका सरीवर भुलून पेरले आणि पुढे उघडीप पडली, तर बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात ते याचसाठी.

दुसरा घाव ऑगस्टचा. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात, शेंगा भरण्यात असते. बालाघाटावरची, आष्टी-पाटोद्याकडची मुरमाड हलकी रानं आठ-दहा दिवसांच्या उघडिपीतच माना टाकतात. गेवराई-माजलगावच्या गंगथडीची काळी जमीन जास्त दिवस तग धरते. पण तिलाही भेगा पडल्या की मुळ्या तुटतात. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

याच्या उलट सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ढगांनी हात आखडला नाही, गोदावरी-सिंदफणेच्या काठची उभी पिके पाण्यात गेली आणि माती खरवडून निघाली. सरासरीच्या कागदावर ते वर्ष चांगले दिसेल. शेतकऱ्याच्या घरात दिसणार नाही.

मग हाती काय उरते? ढग आपल्या हाती नाहीत, माती आहे. उताराला आडवी पेरणी केली की पाणी पळत नाही, मुरते. रुंद वरंबा-सरीत कमी पावसात ओल टिकते आणि जास्त पावसात पाणी निघून जाते. खंडाच्या काळात कोळपे फिरवले की भेगा बुजतात, ओल उडत नाही. सोयाबीनच्या जोडीला तूर असली, तर एक गेले तरी दुसरे हाती लागते. उतरत्या पावसाची ओल जपली की ज्वारी थंडीवर आणि दवावर निघते. माणसाला भाकरी, जनावराला कडबा.

हे सगळे केले म्हणजे दुष्काळ टळेल, असे नाही. पण ऑगस्टमधल्या वीस कोरड्या दिवसांचा हिशेब दसरा-दिवाळीनंतर गावाच्या वेशीवर होतो. कोयता, बिऱ्हाड आणि शाळेतून काढलेली लेकरं घेऊन वाहने साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. रानात आठ दिवस जास्त टिकलेली ओल त्यांतले एखादे बिऱ्हाड घरी थांबवू शकते. पावसाइतकाच तिचाही हिशेब ठेवू या.