‘नेटिव्ह’ : एका विशेषणाचा इतिहास

इंग्रजी अमदानीत जे शब्द मराठीत आले, त्यांत ‘नेटिव्ह’ या विशेषणाइतके मानापमान दुसऱ्या कोणत्या शब्दाने क्वचितच पाहिले असतील. कधी ते शाळेच्या पाटीवर दिसले, कधी पलटणीच्या नावात, तर कधी साहेबाच्या तुच्छतेच्या उद्गारात. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘नातिवुस’ हे होय. जन्माने लाभलेला, असा त्याचा अर्थ. लॅटिनमधील हा धातू आणि संस्कृतातील ‘जन्’ धातू हे एकाच आदिम मुळापासून निघालेले असल्यामुळे जन्म, जन, जात हे आपले नित्याचे शब्द ‘नेटिव्ह’चे दूरचे सगोत्रच ठरतात. मराठीतील ‘उपजत’ या शब्दात त्याचा मूळ आशय नेमका उतरतो. उपजत बुद्धी, जन्मभूमी, मातृभाषा यांना इंग्रजीत हेच विशेषण लागते. खाणीत मूलरूपातच सापडणाऱ्या सोन्याला किंवा तांब्यालाही तेच लागते. परंतु मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ‘नातिवुस’ म्हणजे जन्मतःच जमीनदाराशी बांधला गेलेला कुळवाडी. जन्माचा अभिमान आणि जन्माचे बंधन असे दोन्ही अर्थ या शब्दाच्या पोटात प्रथमपासूनच होते.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने हे विशेषण सढळ हाताने वापरले. ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणींच्या नावातून ते 1885 मध्ये गाळले गेले. मुंबईत 1822 मध्ये स्थापन झालेली शालापुस्तक मंडळी 1827 मध्ये ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर तिचे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ झाले. त्या काळचे मराठी लेखक या अर्थी ‘एतद्देशीय’ असा भारदस्त शब्द योजीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आपल्या पुढाऱ्यांनाही या विशेषणाचा संकोच वाटत नसे. पुण्यात 1860 मध्ये वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी काढलेल्या संस्थेचे नाव ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ असे होते. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी 1864 मध्ये पत्र काढले, त्याचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’.

मग हा शब्द बोचू लागला तो कशामुळे? त्याचे एक कारण व्याकरणात सापडते. ‘अमुक गावचा नेटिव्ह’ असे म्हटले, की शब्दाला ठिकाण असते. लंडनमध्ये जन्मलेला मनुष्य लंडनचा नेटिव्ह ठरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. वसाहतीच्या भाषेत मात्र ठिकाण गळून पडले आणि विशेषणाचे नाम झाले. नुसता ‘नेटिव्ह’ म्हटले, की राज्यकर्ता नव्हे तो, एवढाच अर्थ उरला. येथेच जन्मलेल्या इंग्रजाला कोणी नेटिव्ह म्हणत नसे. जन्मस्थान सांगणारा शब्द अशा रीतीने वंश आणि पायरी सांगू लागला.

या स्थित्यंतराचा पडताळा म्हैसूरइतका चांगला क्वचितच कोठे मिळेल. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर वोडेयर घराणे पुन्हा गादीवर बसवण्यात आले. 1831 मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि 50 वर्षांनी, 1881 मध्ये, तो चामराजेंद्र वोडेयर यांना परत केला. भूमी तीच, रयत तीच. परंतु कालपर्यंत इंग्रज कमिशनरच्या हाताखाली चाललेला कारभार आता ‘नेटिव्ह’ म्हणवला जाऊ लागला. म्हैसूरचे काही काळ रेसिडेंट असलेले विल्यम ली-वॉर्नर यांच्या संस्थानांविषयीच्या ग्रंथाच्या नावात 1894 मध्ये राजे ‘संरक्षित’ होते. 1910 च्या आवृत्तीत ‘नेटिव्ह स्टेट्स’ हे शब्द आले. मराठीला या विशेषणाची गरज कधी फारशी भासली नाही. ‘संस्थान’ एवढे म्हटले, की पुरे होई.

‘नेटिव्ह’ म्हणजे मागासलेले, हा ग्रह म्हैसूरने आपल्या कामगिरीने खोटा पाडला. 1881 मध्येच तेथे प्रतिनिधी सभा भरली. 1902 मध्ये शिवनसमुद्र येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा ‘नेटिव्ह’च्या मागे ‘मॉडेल’ हे दुसरे विशेषण जोडण्यात आले. त्या कौतुकातही, इतरांकडून एवढी अपेक्षा नव्हती, असा सूर होताच. 1935 च्या कायद्याने ‘इंडियन स्टेट’ ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी म्हैसूरमध्ये प्राध्यापक गोपालस्वामी यांनी एक नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले.

भाषाशास्त्रात या शब्दाला गेलेली प्रतिष्ठा परत मिळाली. बालपणी प्रथम जी भाषा माणूस शिकतो, तिचा तो ‘नेटिव्ह स्पीकर’, आणि त्या भाषेत काय शुद्ध व काय अशुद्ध, याचा निवाडा त्याच्या कानाने होतो. 1969 मध्ये म्हैसूर येथे स्थापन झालेल्या ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन लँग्वेजेस’ या संस्थेचे बरेचसे काम याच कल्पनेवर उभे आहे. तिच्या प्रादेशिक केंद्रांत अन्यभाषक शिक्षक दुसरी भारतीय भाषा शिकतात. पुण्याच्या केंद्रात मराठी शिकवली जाते, तर म्हैसूरच्या केंद्रात कन्नड. एके काळी ज्याचे मत कोणी विचारीत नसे, त्या ‘नेटिव्ह’चा शब्द येथे प्रमाण मानला जातो.

बोलचालीत तर या शब्दाला त्याचे हरवलेले ठिकाणही मिळाले. ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणजे मूळ गाव. दक्षिणेत तर ‘तुमचे नेटिव्ह कोणते?’ एवढेच विचारतात. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीच्या काळापासून कर्नाटकात मराठी घराणी नांदत आली आहेत. अशा घरातील माणसाला हा प्रश्न केला, तर तो पूर्वजांचे देशावरचे गाव सांगेल किंवा स्वतःचे म्हैसूर सांगेल; दोन्ही उत्तरे खरी असतील. ज्याच्या त्याच्या तोंडून गावाचे नाव येते, तेव्हा या शब्दात कसलाही डंख उरत नाही.