प्रकाशाची ऊर्जा जाते कुठे? 🌌

बंगळुरूतल्या बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात शिक्षणतज्ज्ञ एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. अशा विज्ञानवेड्या वस्तीतून आजचा प्रश्न!

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरी होऊन आपल्यापर्यंत पोचतो. विश्व प्रसरण पावल्यामुळे त्याची तरंगलांबी सुमारे ११०० पट वाढली आणि प्रत्येक फोटॉनची ऊर्जा तितक्याच पटीने घटली. तापमान ३००० केल्विनवरून २.७ वर आलं.

मग ती ऊर्जा साठली कुठे? कुठेच नाही!

गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये दाखवलं, की काळ सरकला तरी भौतिक चौकट तशीच राहत असेल, तर ऊर्जा अक्षय्य राहते. इथे अवकाशच ताणलं जातंय, म्हणजे ती अटच पाळली जात नाही. प्रयोगशाळेत नियम पक्का. अख्ख्या विश्वाच्या ऊर्जेची मात्र सर्वमान्य बेरीजच नाही.

कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांच्यापुढे १९६० च्या दशकात उलटा पेच होता: प्रसरण पावूनही सदैव सारखंच राहणाऱ्या ‘स्थिर-स्थिती’ विश्वात नवं द्रव्य निर्माण होतं, तर त्याची ऊर्जा कुठून येते? त्यांनी ऋण ऊर्जेचं ‘सी-क्षेत्र’ मांडून हिशेब जुळवला. १९६५ मध्ये महास्फोटाची खूण असलेल्या वरच्याच सूक्ष्मलहरी सापडल्या आणि तो सिद्धांत मागे पडला.

पुढच्या पोस्टमध्ये कृष्णऊर्जा. प्रश्न कमेंटमध्ये टाका!