खेळण्यातला संगणक आणि रणांगण



गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण असे भारदस्त विषय झाले. त्या पंक्तीला संगणकावरील खेळांचे पान मांडावे काय, असा संकोच मला प्रथम वाटला. मी या विषयाचा अधिकारी नव्हे. घरचा संगणक उघडून त्याचे सुटे भाग पाहण्यात रमणारा हौशी माणूस आहे. परंतु ज्या यंत्रावर आपली मुले खेळतात, त्याचे युद्धाशी नाते किती जुने आणि किती निकटचे आहे, हे पालकांना व शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे, अशी माझी धारणा आहे.

आरंभ १९५८ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांच्या करमणुकीसाठी विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने एका लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. त्यासाठी वापरलेला संगणक क्षेपणास्त्राचा मार्ग काढू शकत असे, तसाच उसळत्या चेंडूचाही. हे हिगिनबॉथम महायुद्धकाळी लॉस अलामॉस येथे पहिल्या अणुबॉम्बच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करीत होते, आणि युद्धानंतर अण्वस्त्रांना आवर घालू पाहणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत तरुणांनी ‘स्पेसवॉर’ रचला. दोन अवकाशयाने, मध्ये एक तारा आणि एकमेकांवर सुटणारे पाणतीर! संगणकीय खेळाच्या बाळगुटीतच युद्ध होते, ते असे.

१९८० नंतर संगणक घराघरांत आला. १९८२ सालचा ब्रिटिश ‘स्पेक्ट्रम’ हा टेपरेकॉर्डर व दूरदर्शन संच यांना जोडून चालणारा चिमुकला संगणक. त्याची स्मृती १६ किंवा ४८ किलोबाइट. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक पोहोचले, तो हाच काळ. आणि शीतयुद्धाच्या भीतीची सावली पडद्यावर पडली, तीही याच काळात. १९८० च्या ‘मिसाइल कमांड’ या खेळात आपण सहा शहरांचे रक्षण करावयाचे असते. कितीही कौशल्य असो, अखेरीस शहरे नष्ट होतात; या खेळाला विजय असा नाहीच. १९८५ च्या ‘बॅलन्स ऑफ पॉवर’मध्ये खेळाडू महासत्तेचा प्रमुख होतो. ताठरपणा करून त्याने अणुयुद्ध ओढवून घेतले, तर स्फोटाचे चित्रसुद्धा दिसत नाही. अपयशाला बक्षीस नाही, असे बजावून खेळ संपतो.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हते. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लष्करातील स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्यासमोरील यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. खरा हल्ला अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी कोण करील, असा विचार करून त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळविले. पुढे निष्पन्न झाले ते असे की, ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला चकविले होते.

आता व्यापाराची बाजू पाहू. पाश्चात्त्य राष्ट्रांनी १९४९ पासून ‘कोकॉम’ या व्यवस्थेद्वारे साम्यवादी देशांना प्रगत तंत्र देण्यावर निर्बंध घातले होते. ती व्यवस्था १९९४ मध्ये संपुष्टात आली. त्या काळात पूर्व युरोपातील हौशी मंडळींनी ‘स्पेक्ट्रम’च्या प्रतिकृती स्वतःच्या हातांनी जुळविल्या. उलट दिशेने मॉस्कोहून १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांचा ‘टेट्रिस’ निघाला आणि हातातील ‘गेमबॉय’वर बसून १९८९ मध्ये जगभर गेला. त्याचे हक्क मात्र सोव्हिएत सरकारी संस्थेकडे होते. भारतालाही अशा निर्बंधांची झळ लागली. मागितलेला अधिक शक्तिमान महासंगणक अमेरिकेने दिला नाही; तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. नकारातून स्वावलंबन आले, असे म्हणावयास हरकत नाही.

खेळणे आणि शस्त्र यांतील रेषा पुढे अधिकच पुसट झाली. २००० साली जपानने ‘प्लेस्टेशन २’च्या निर्यातीवर लष्करी उपयोगाच्या शंकेने नियंत्रण आणले. २०१० मध्ये तर अमेरिकी वायुदलाच्या प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक ‘प्लेस्टेशन ३’ एकत्र जोडून महासंगणक उभा केला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले आणि सप्टेंबरात सरकारने बंदी घातलेल्या ११८ ॲप्समध्ये मुलांचा लाडका ‘पबजी मोबाइल’ही होता. सीमेवरचा संघर्ष असा थेट आपल्या दिवाणखान्यात आला.

मग हे खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावेत काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्यांना डोळसपणे खेळावयास शिकवावे. वॉर्सा येथील एका संस्थेने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. त्यात खेळाडू सैनिक नसतो. अन्न, औषध आणि ऊब यांसाठी झगडणारा सामान्य नागरिक असतो. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शालेय विद्यार्थ्यांच्या शिफारशीच्या यादीत समाविष्ट करण्याचे जाहीर केले. उलटपक्षी ‘आर्मा ३’ या खेळातील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून पसरविली जात असल्याचा इशारा त्याच्या निर्मात्यांनाच २०२२ मध्ये द्यावा लागला. आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी असेच एक ‘रणांगण’ मला मोठ्या आवेशाने धाडले होते. दहावीतील नातवाने पाहताक्षणी सांगितले, “आजोबा, हा खेळ आहे.” खेळलेल्या मुलाला जे कळले, ते न खेळलेल्या ज्येष्ठांना कळले नाही!

म्हणून शाळेने आणि घराने मुलाला तीन प्रश्न विचारावयाची सवय लावावी. या खेळात शत्रू कोणी ठरविला? जे मरतात, त्यांचे घर खेळात दिसते काय? आणि हे दृश्य खरे कशावरून? पेत्रोव यांनी त्या रात्री हा तिसरा प्रश्न विचारला, म्हणून अनर्थ टळला. यंत्र वेगाने उत्तर देते. थांबून प्रश्न विचारणे हे माणसाचे काम आहे. ज्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करीत आहोत, त्या गुरुजनांनीही याहून वेगळे काही शिकविले नव्हते.