यकृताचा विकार आणि श्वासाचा त्रास

धान्याच्या व्यापारात ज्यांची हयात गेली त्यांस धाप लागणे नवे नाही. गोदामातील धूळ छातीत जाते, खोकला जडतो आणि दम लागला की आपण दोष धुळीसच देतो. परंतु कित्येकदा या दमाचे मूळ यकृतात असते. इंद्रवेल्ली परिसरातील आमच्या व्यापारी बंधूंस व त्यांच्या कुटुंबियांस हा संबंध ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मद्यास न शिवणाऱ्या घरांत यकृतविकार येत नाही, हा समज खरा नव्हे. ब व क प्रकारची कावीळ, तसेच मधुमेह व स्थूलपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी यांनीही ते कठीण होते. मग श्वास मुख्यतः तीन प्रकारे अडतो. जलोदराचे पाणी श्वासपटलास खालून दाबते. तेच पाणी पटलातील सूक्ष्म छिद्रांतून, बहुधा उजव्या बाजूस, छातीत शिरते. तिसऱ्या प्रकारात फुप्फुसातील केशवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे जाते. असा एक रुग्ण फ्लुकिगर यांनी १८८४ साली नोंदविला होता. अशा कित्येक रुग्णांस बसल्यावर धाप वाढते व आडवे झाल्यावर बरे वाटते. हे लक्षण दम्याच्या उलट आहे. ते दिसताच यकृताचीही तपासणी करून घ्यावी.

रुग्णाच्या ताटात दिवसाचे मीठ साधारण एका लहान चमच्यापुरतेच असावे; पापड व लोणची वर्ज्य करावी. लघवी वाढविणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. डाळ व दूध मात्र आपल्या मनाने तोडू नये. दुर्बल यकृत शक्तीचा साठा करू शकत नाही. रात्रभर पोट रिकामे राहिल्यास स्नायू झिजतात, म्हणून निजण्यापूर्वी अल्पाहार सांगितला जातो. चौविहार व तपस्या करणाऱ्यांनी याविषयी डॉक्टर व महाराजसाहेब या दोघांसही विचारावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेतच. ओठ निळे पडणे, काळे शौच, ताप अथवा भ्रम ही लक्षणे दिसताच विलंब न करता आदिलाबादचे रिम्स वा हैदराबादचे मोठे रुग्णालय गाठावे. प्राणवायूने तिसऱ्या प्रकारात आराम पडतो. खरा उपाय यकृतरोपण हाच होय.

आमच्या धंद्यावरील जबाबदारी याहून वेगळी आहे. १९७४ साली बांसवाडा व पंचमहाल जिल्ह्यांत पावसाने भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन शेकडो आदिवासी कावीळ व जलोदराने आजारी पडले आणि शंभरावर दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासात त्याचे कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष निघाले. हे विष शिजवून पुरते जात नाही. आमच्या गिऱ्हाइकांतही गोंड व कोलाम कुटुंबे आहेत. सबब ओला माल पोत्यांत भरू नये आणि बुरशीचा मका वा भुईमूग कितीही स्वस्त पडला तरी कोणाच्या घरी खाण्यासाठी जाऊ देऊ नये. त्यात जाणारा पैसा तोटा म्हणून खतावणीत पडेल खरा, परंतु त्याने कोणाचे तरी यकृत वाचेल.