अंधाराच्या दोन तास आधी

त्रिपुरी पौर्णिमा झाली की सह्याद्रीतली पावसाळी गर्दी ओसरते. धबधबे आटतात, धुकं विरतं, डोंगर पिवळा पडतो आणि हवा इतकी स्वच्छ होते की लांबचे सुळकेही नावानिशी ओळखू येतात. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन एकट्यानं चालायचं असेल, तर माझ्या मते वर्षातले हेच दिवस. पावसाची भीती नसते, ऊन सोसवतं आणि ओढ्यांच्या डोहांत अजून पाणी असतं. अडचण एकच, पण ती मोठी आहे. नोव्हेंबरअखेरीस अकोले तालुक्यात सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि पुन्हा उगवायला पावणेसात वाजतात. म्हणजे जवळपास तेरा तासांची रात्र. त्यात सोबत कोणी नाही. चुकलं तर हाक ऐकणारं नाही, दमलं तर ओझं वाटून घेणारं नाही. म्हणून एकट्याच्या भटकंतीत धाडसाला फार कमी जागा असते. खरं काम असतं ते प्रत्येक निर्णय उजेड आणि ताकद शिल्लक असताना घेण्याचं.

या कामाची शाळा म्हणावी अशी वाट म्हणजे रतनवाडी ते हरिश्चंद्रगड. भंडारदऱ्याला प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे. त्याच्या जलाशयाच्या टोकाला रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी वसली आहे. गावात अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आहे. तिथून निघून कात्राबाईची खिंड चढायची, पलीकडे कुमशेतला उतरायचं, मुळा नदी ओलांडून पेठेच्या वाडीमार्गे पाचनई गाठायची आणि मग गड. खिंडीच्या अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला, आणि पुढे नेवासा तालुक्यात या दोन्ही नद्या एक होतात. हा सगळा मुलूख १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. त्यामुळे कुठे थांबता येईल, तंबू कुठे लावता येईल, हे गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच ठरवायचं. मी मुक्काम गावालगत करतो. जंगलात कुठेही तंबू ठोकणं नियमाला धरून नाही आणि शहाणपणालाही नाही.

सॅक भरण्यापासूनच एकटेपणाचा हिशेब सुरू होतो. चौघं असले की तंबू एकाच्या पाठीवर, स्टोव्ह दुसऱ्याच्या, शिधा तिसऱ्याच्या. एकट्याला सगळं स्वतःच वाहावं लागतं. तंबू दोन किलोच्या आसपास, स्लीपिंग बॅग आणि मॅट मिळून तेवढंच, आणि तीन लिटर पाणी म्हणजे सरळ तीन किलो. म्हणून कात्री लागते ती खाण्याला आणि कपड्यांना. तांदूळ-मूगडाळीची कोरडी खिचडी घरूनच मीठ-मसाला घालून पुड्यांत बांधायची. सोबत मेतकूट, दशम्या, गूळ-शेंगदाणे. कपड्यांत चालण्याचा एक जोड आणि झोपण्याचा एक. झोपण्याचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही झालं तरी दिवसा उघडायचा नाही. घाम जिरलेला शर्ट घालून थंडीत बसलं की अंगातली ऊब भराभर जाते आणि मग कितीही पांघरलं तरी हुडहुडी थांबत नाही. जड वस्तू पाठीच्या मणक्यालगत आणि मध्यावर भरायच्या, म्हणजे उतारावर सॅक मागे ओढत नाही. विजेरी सगळ्यात वरच्या कप्प्यात. ती शोधायला उजेड लागता कामा नये.

रतनवाडीतून वाट प्रवरेच्या पात्राच्या सोबतीनं रानात शिरते. रतनगडाला जाणारा फाटा सोडला की माणसांची वर्दळ कमी होते आणि वाट ओळखणं हेच मुख्य काम होऊन बसतं. मोबाइलमधला नकाशा सोबत असतोच. तो आधीच उतरवून घेतलेला असतो आणि बॅटरी टिकावी म्हणून फोन विमान मोडवर असतो. पण नकाशातली रेघ आणि पायाखालची जमीन यांत पन्नास पावलांचा फरक असला तरी माणूस कारवीत अडकतो. तिथं डोळेच उपयोगी पडतात. माणसांची वाट आणि ढोरवाट यांतला फरक सावकाश बघितला तर कळतो. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या तुटलेल्या किंवा कोयत्यानं छाटलेल्या असतात. आडव्या फांद्या कमरेला लागायला लागल्या, वाट दर वीस-तीस पावलांवर फुटायला लागली आणि कुठल्याच दिशेला नेटानं जाईना, की समजावं ही गुरांची वाट आहे. ती चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे नेऊन सोडेल. असं दिसलं की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागं यायचं. मागं येण्याचा कंटाळा हा एकट्या माणसाचा खरा शत्रू आहे.

या दिवसांत गवत छातीपर्यंत वाळून उभं असतं. त्याची कुसळं मोज्यांत घुसतात. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरची बारीक लव मागं वळलेली, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक ते आतच सरकतं. हातानं ओढलं तर मोडतं. मोजा उलटा करून टोकाकडूनच काढावं लागतं. पोटरीवर जाड कापडाचा पट्टा बांधला तर हा त्रास बराच वाचतो. वाळक्या गवताखाली मुरमाचा घसारा लपलेला असतो. पावसाळ्यातल्या शेवाळापेक्षा मला तो जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो दिसत नाही. काठी पुढे टेकवायची, पूर्ण पाऊल जमिनीवर ठेवायचं आणि गवताच्या झुपक्याला आधार म्हणून कधीही धरायचं नाही.

खिंडीचा चढ उभा आहे, पण दाट झाडीतून जातो. वर शेंदूर लावलेली कात्राबाई. गावकरी इथं हात जोडून पुढं जातात, मीही जोडतो. इथं घड्याळ बघण्याचा माझा नेम आहे. दुपारी एकपर्यंत खिंडीत पोचलो, बाटलीत निम्मं पाणी शिल्लक आहे आणि पाय ठणकत नाहीत, या तिन्ही गोष्टी जमल्या तर पलीकडे उतरायचं. एकही जमली नाही तर रतनवाडीला परत. खिंडीत उभं राहून विचार करायला बसलं की मन नेहमी पुढं जाण्याच्या बाजूनं बोलतं. म्हणून अट घरी असतानाच ठरवलेली बरी.

कुमशेत ही महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. नोव्हेंबरअखेरीस भाताची कापणी उरकलेली असते, खळ्यावर झोडणी चालू असते, नागली-वरईची कणसं अंगणात वाळत असतात. मी चारच्या सुमारास पोचलो तेव्हा खळ्यावरच्या बाबांनी विचारलं, "एकलेच आले का?" हो म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, "घरी सांगून आले ना?" डोंगरात राहणाऱ्या माणसाला कशाची काळजी वाटते ते या एका प्रश्नात येतं.

तंबूसाठी मला खाचराचा सपाट तळ सोयीचा दिसत होता. मावशी म्हणाल्या, "तिथं धसकटं टोचतील आन् गारठाही लई. वरच्या अंगाला घ्या." त्यांचं दोन्ही म्हणणं खरं होतं. कापलेल्या भाताची धसकटं वाळली की खिळ्यासारखी होतात, तंबूचा तळ सहज फाडतात. गारठ्याचं कारण असं, की निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला लागलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत सखल जागी साचते. एरवी हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, पण अशा रात्री दरीचा तळ उतारावरच्या बांधापेक्षा गार असतो. नदीकाठी दवही जास्त. मावशींनी दाखवलेली जागा वरच्या बांधालगत, आंब्याच्या झाडाखाली होती. वर पानांचं छत असलं की जमिनीची ऊब सगळी निसटत नाही, दवही कमी पडतं. तंबू लावण्याआधी वाळकी मोठी फांदी नाही ना, हे मान वर करून बघून घेतलं. मावशींनी पेंढ्याचे दोन भारे आणून दिले. तो वीतभर पसरून त्यावर तंबू लावला. पांघरूण कितीही जाड असलं तरी अंगाखाली ते दबून जातं आणि थंडी जमिनीकडूनच शिरते. पेंढ्याच्या नळ्यांत कोंडलेली हवा ती अडवते. कुठल्याही महागड्या मॅटला तोडीस तोड अशी ही गादी आहे.

पाच वाजेपर्यंत तंबू उभा, पाणी उकळून गार करायला ठेवलेलं, झोपायचे कपडे अंगावर. अंधाराच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं ते याचसाठी. एकट्याला एकामागून एकच काम करता येतं आणि प्रत्येक काम उजेडात निम्म्या वेळात होतं. स्टोव्ह तंबूबाहेर, हातभर जागेतलं गवत उपटून, मातीवर. तंबूत स्टोव्ह लावला तर कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. बाहेर गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं अख्खी सोंड पेटेल. शेकोटी मी करतच नाही. खिचडी झाली की बाटलीत कढत पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, ती स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायची. सकाळी तेच कोमट पाणी प्यायला होतं.

मग उरते रात्र. पहिल्यांदा एकटं झोपणाऱ्याला प्रत्येक खसखस बिबट्याची वाटते. या रानात बिबट्या आहे, हे खरंच आहे. अन्न तंबूत ठेवायचं नाही, रात्री बाहेर पडताना विजेरी लावून आवाज करत पडायचं, चप्पल-बूट झटकून घालायचे, कारण या कातळमुलुखात फुरसंही आहे. एवढं केल्यावर भीतीवर एकच औषध उरतं: आवाजांची ओळख. ठोके दिल्यासारखा एकसुरी आवाज रातव्याचा. चिडून किरकिर केल्यासारखा पिंगळ्याचा. कुत्र्यासारखा पण घोगरा, थांबून थांबून येणारा भेकराचा. ज्या आवाजाला नाव देता येतं त्याची भीती कमी होते. हे ज्ञान आधी जाणत्या माणसाबरोबर राहून मिळवावं लागतं, आयत्या वेळी येत नाही.

पहाटे तंबूचं छत आतून ओलं असतं. ते पाणी आपल्याच श्वासाचं. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या तर ते टपटपून स्लीपिंग बॅग भिजते. म्हणून दोन्ही बाजूंना चार बोटं फट ठेवायचीच. ओला तंबू तसाच गुंडाळला तर वजन वाढतं आणि दुसरी रात्र ओलीत जाते. दुपारच्या विसाव्याला तो कातळावर पसरला की अर्ध्या तासात वाळतो.

दुसऱ्या दिवशीची मुळेची उतरण, पेठेची वाडी आणि पाचनईपर्यंतची चाल सौम्य आहे. पाचनईहून गडाची वाट कातळाच्या पोटातून आडवी जाते आणि दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी सोडते. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग आणि चारांपैकी एकच शाबूत राहिलेला खांब पाहावा, कोकणकड्यावर पालथं झोपून खाली पाहावं, पण कड्याच्या धारेवर उभं राहू नये. तिथं दरीतून वर येणारा वारा अचानक जोर धरतो आणि पाठीवरची सॅक त्याला शिडासारखी सापडते.

एकट्यानं जाण्यात काही मोठेपणा आहे असं मला वाटत नाही. त्यात एक मोठा फायदा मात्र आहे. बोलायला कोणी नसल्यानं डोंगराकडे पूर्ण लक्ष जातं: वाटेकडे, पाण्याकडे, वाऱ्याकडे, झाडांच्या शेंड्यांत उड्या मारणाऱ्या शेकरूकडे. पण हे लक्ष कमवावं लागतं. आधी जाणत्या गटाबरोबर हीच वाट करा. मग गावातला वाटाड्या घेऊन करा, त्याला योग्य मजुरी द्या आणि त्याच्याकडून वाट शिकून घ्या. आपला कचरा आपल्या सॅकमधून परत आणा. आणि एकटे निघालात तर घरी एक कागद ठेवून जा. त्यावर कुठून निघणार, कुठल्या गावात राहणार, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ वर कळवायचं, एवढं लिहा. हा कागद लिहिण्याचा कंटाळा येत असेल, तर त्या वर्षी एकट्यानं जाऊ नका.